शुद्धीचे यंत्र, शुद्धीची शिस्त

मिरजेचे नाव महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात घरोघरी पोहोचले ते दोन गोष्टींमुळे : सतार-तंबोऱ्यांमुळे आणि दवाखान्यांमुळे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. १८९७ मध्ये तेथेच वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया त्यांच्या हातून पार पडल्या. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि वैद्यकनगरी हा मिरजेचा लौकिक पक्का झाला. आजही सांगली-साताऱ्यातून, कोल्हापुरातून, बेळगाव-विजापूरकडून रुग्ण मिरजेची वाट धरतात.

शस्त्रक्रिया म्हटले की सर्जनचा हात डोळ्यांपुढे येतो. परंतु त्या हातातील चिमटा काल दुसऱ्या कुणाच्या शरीरात होता, आणि उद्या तिसऱ्याच्या शरीरात जाणार आहे, हा विचार फारसा कुणी करत नाही. सिरिंज आणि सुई एकदा वापरून टाकून देता येते. कातरी, चिमटे, सुईधारक, दंतवैद्याची हत्यारे, मोतीबिंदूचा संच हे मात्र वर्षानुवर्षे वापरायचे असते. एका रुग्णाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये, याची सारी भिस्त या दोन वापरांच्या मध्ये घडणाऱ्या क्रियेवर असते. हिपॅटायटिस-बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. २००९ च्या आरंभी गुजरातेतील मोडासा परिसरात याच रोगाची साथ पसरली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या, हे तिचे कारण ठरले, आणि कित्येक माणसे दगावली.

हा विषय व्यापारी कुटुंबांच्या फार जवळचा आहे. वडिलांच्या स्मरणार्थ धर्मादाय दवाखान्याला यंत्र देणे, नेत्रशिबिराचा खर्च उचलणे, विश्वस्त म्हणून रुग्णालयाच्या खरेदीवर सही करणे, ही कामे समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. अशा वेळी निर्जंतुकीकरणाच्या यंत्राचे दरपत्रक समोर येते. त्यावर लिटर, अंश, दाब, वर्ग अशी अक्षरे असतात, आणि बहुधा सर्वांत मोठे किंवा सर्वांत स्वस्त यंत्र निवडले जाते. ते यंत्र त्या दवाखान्याच्या कामाचे आहे का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

उकळलेले पाणी आणि निर्जंतुक शस्त्र

उकळलेल्या पाण्याचे महत्त्व जैन घराला सांगावे लागत नाही. गाळून, उकळून ठेवलेले पाणी, आणि त्यालाही असलेली वेळेची मर्यादा, हा तिथला नित्यक्रम आहे. त्यामुळेच ‘हत्यारे उकळून घेतली’ असे कुणी सांगितले, की मन निश्चिंत होते. पिण्याच्या पाण्यासाठी जे पुरते, ते शस्त्रासाठी मात्र पुरत नाही.

जंतूंच्या काही जाती प्रतिकूल काळात स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणूच्या रूपात राहतात. धनुर्वाताचा जंतू त्यांपैकीच एक. हे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही जिवंत बाहेर पडू शकतात. शिवाय पाणी सर्वत्र १०० अंशांवर उकळत नाही. मिरज समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि उघड्या भांड्याखाली कितीही जाळ केला तरी त्यापुढे तापत नाही. वीस मिनिटे उकळल्याने बहुतेक जंतू आणि विषाणू मरतात; बीजाणूंची खात्री देता येत नाही. या क्रियेला जंतुनाशन म्हणावे. निर्जंतुकीकरण याचा अर्थ बीजाणूंसह एकही जंतू शिल्लक न राहणे.

प्रत्येक वस्तूला इतकी कठोर क्रिया लागतेच असे नाही. अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली विभागणी आजही जगभर मानली जाते. निव्वळ त्वचेला लागणारी वस्तू, जसे रक्तदाबाचा पट्टा, साध्या जंतुनाशकाने पुसली तरी चालते. तोंड, घसा, आतडे यांच्या ओल्या अस्तराला लागणारी वस्तू, जसे दुर्बीण, उच्च पातळीचे जंतुनाशन मागते. रक्तात किंवा ऊतीत शिरणारे शस्त्र मात्र पूर्ण निर्जंतुकच हवे. दवाखान्यात या तिन्हींपैकी कोणत्या वस्तू किती आहेत, हे कळले की यंत्राची निवड निम्मी झाली.

आधी धुणे

निर्जंतुकीकरणाचा आरंभ यंत्राजवळ होत नाही, मोरीजवळ होतो. वाळलेले रक्त शस्त्रावर थर धरते आणि त्या थराखालच्या जंतूपर्यंत वाफही पोहोचत नाही, वायूही पोहोचत नाही. म्हणून वापर संपताच शस्त्र ओले ठेवावे, त्याचे सांधे उघडावे, एन्झाइमयुक्त द्रावणात भिजवावे, पाण्याच्या पृष्ठभागाखाली ब्रशने घासावे आणि स्वच्छ पाण्यात खळबळून कोरडे करावे. धुणाऱ्याच्या हातात जाड रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. त्याचाही जीव तेवढाच मोलाचा आहे.

बारीक दातांच्या आणि पोकळ नळ्यांच्या शस्त्रांसाठी अल्ट्रासॉनिक क्लीनर हे लहानसे यंत्र मिळते. ध्वनिलहरींमुळे द्रावणात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही तेथील मळ सुटतो. हे यंत्र साफ करते, निर्जंतुक करत नाही; तरीही दंत आणि नेत्र विभागात त्याचे काम मोठे आहे. मोठ्या ऑटोक्लेव्हच्या तुलनेत त्याची किंमत अल्प असूनही दात्यांच्या यादीत ते क्वचितच दिसते.

वाफेचे यंत्र : ऑटोक्लेव्ह

फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यांनी १६७९ मध्ये घट्ट झाकणाचे आणि दाब सोडणाऱ्या झडपेचे भांडे तयार केले. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आणि रुग्णालयातला ऑटोक्लेव्ह हे दोघेही त्याचेच वंशज. लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलाँ यांनी १८७९ च्या सुमारास प्रयोगशाळेसाठी ऑटोक्लेव्ह सिद्ध केला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमेतले जंतू मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जखमेत जंतू मारण्यापेक्षा ते तेथवर पोहोचूच न देण्याचा विचार रुजला, आणि बर्लिनमध्ये एर्न्स्ट फॉन बर्गमान व कुर्ट शिमेलबुश यांनी पट्ट्या, कपडे व शस्त्रे वाफेने शुद्ध करण्याची पद्धत घडवली. मिरजेचे रुग्णालय उभे राहिले ते नेमके या स्थित्यंतराच्या काळात.

तत्त्व सोपे आहे. बंद भांड्यात वाफेचा दाब चौरस इंचाला १५ पौंड वाढला की तापमान १२१ अंशांवर जाते. त्या उष्णतेत १५ ते ३० मिनिटांत बीजाणूही नष्ट होतात. कपड्यात बांधलेल्या गाठोड्याला अधिक वेळ, उघड्या शस्त्राला कमी. दाब ३० पौंडांच्या घरात नेला तर १३४ अंशांवर तीन-चार मिनिटे पुरतात. वाफ थंड शस्त्राला लागताच तिचे पाणी होते आणि तिच्यात साठलेली उष्णता एकदम शस्त्राला मिळते. म्हणूनच त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा वाफ कितीतरी जलद काम करते.

या कामात खरा अडथळा असतो आत अडकलेल्या हवेचा. हवा आणि वाफ मिसळलेल्या भांड्यात दाबमापकाचा काटा १५ वर दिसतो, पण तापमान १२१ पर्यंत पोहोचलेले नसते. ऑटोक्लेव्हचे प्रकार पडतात ते मुख्यतः ही हवा काढण्याच्या पद्धतीवरून.

उभ्या, साध्या ऑटोक्लेव्हमध्ये तळाशी पाणी तापते आणि वाफ हवेला ढकलून झडपेवाटे बाहेर काढते. हवा पूर्ण निघेपर्यंत झडप उघडी ठेवणे हे चालवणाऱ्याचे काम. उघडी, भरीव शस्त्रे, काचेची भांडी, प्रयोगशाळेतील द्रावणे यांसाठी ते योग्य. लहान दवाखान्याला परवडणारे आणि दुरुस्तीला सोपे, हे त्याचे गुण. मोठ्या रुग्णालयातील आडव्या यंत्रात निर्वात पंप असतो. तो आधी हवा खेचून घेतो, मग वाफ आत शिरते. शेवटी पुन्हा ओलावा खेचल्याने गाठोडी कोरडी निघतात. त्याला थ्री-फेज वीज, पाण्याची कायमची सोय आणि प्रशिक्षित चालक लागतो.

टेबलावर ठेवण्याच्या लहान यंत्रांत एन, एस आणि बी असे वर्ग आहेत. एन वर्ग फक्त उघड्या, भरीव शस्त्रांसाठी असतो. बी वर्गाचे यंत्र वारंवार निर्वात स्थिती निर्माण करते, म्हणून पाकिटात बंद केलेली आणि पोकळ शस्त्रेही त्यात शुद्ध होतात. दंतवैद्याचे ड्रिल फिरवणारे हँडपीस किंवा मोतीबिंदूसाठी वापरले जाणारे फेको हँडपीस आतून पोकळ असते. त्यासाठी बी वर्गच घ्यावा. एस वर्ग या दोहोंच्या मधला. तो कोणत्या वस्तूंसाठी चालतो, हे निर्माता सांगेल तेवढेच धरावे.

भरण्यातही शिस्त हवी. गाठोडी ठासून भरली तर वाफेला वाट मिळत नाही. गॉज आणि गाऊन ठेवण्याच्या ड्रमची भोके आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढताच बंद करावी लागतात. ओले निघालेले गाठोडे शुद्ध मानू नये. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू सहज आत झिरपतात. विंधनविहिरीचे जड पाणी वापरले तर हीटरवर आणि शस्त्रांवर क्षारांचा थर बसतो. यंत्रासाठी शुद्ध केलेले पाणीच वापरावे.

कोरड्या उष्णतेची भट्टी

हॉट एअर ओव्हनमध्ये पाणी नसते. १६० अंशांवर दोन तास किंवा १७० अंशांवर एक तास, असा त्याचा हिशेब आहे. आणि हा वेळ आतील वस्तू त्या तापमानाला पोहोचल्यावर मोजायचा. काचेची भांडी, तेलकट पदार्थ, भुकटी, म्हणजे ज्यांत वाफ शिरत नाही त्या वस्तू यात शुद्ध होतात. धारदार शस्त्रांना गंज चढत नाही, हाही एक लाभ. कापड, रबर आणि प्लास्टिक मात्र यात जळते किंवा वितळते. ‘लवकर व्हावे’ म्हणून मध्येच दार उघडून आणखी एक चिमटा आत टाकला, तर वेळेचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

उष्णता न सोसणाऱ्या वस्तू

हृदयशस्त्रक्रियेतील नळ्या, कॅमेऱ्याच्या तारा, नाजूक भिंगे यांना १२१ अंश सोसत नाहीत. त्यांच्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली इथिलीन ऑक्साइड वायूची. ३७ ते ६३ अंशांच्या मंद उष्णतेत हा वायू बारीकसारीक पोकळीतही शिरतो. मात्र तो ज्वालाग्राही आणि कर्करोगकारक आहे. शुद्धीनंतर वस्तूत मुरलेला वायू काढण्यासाठी तापवलेल्या कपाटातही आठ ते बारा तास लागतात. वेगळी, हवा बाहेर टाकणारी खोली नसेल, तर हे यंत्र लहान रुग्णालयाला देऊ नये.

दुसरी वाट हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्माची. सुमारे ५० अंशांवर, साधारण तासाभरात काम होते आणि शेवटी पाणी व ऑक्सिजन उरतो. सुरक्षित आणि जलद असले तरी ते महाग आहे. कापूस, कागद, कापड त्यात चालत नाही. त्यासाठीची खास पाकिटे आणि रसायनाची डबी सतत विकत घ्यावी लागते. एकदा देणगी देऊन मोकळे होण्याजोगे हे यंत्र नाही.

तिसरी वाट द्रवात बुडवण्याची. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये दुर्बीण वीस मिनिटे ठेवल्यास उच्च पातळीचे जंतुनाशन होते. बीजाणू मारायचे तर दहा तास लागतात. द्रावण सक्रिय केल्यानंतर ठरावीक दिवसच चालते आणि त्याची तीव्रता पट्टीने तपासावी लागते. वस्तू बाहेर काढल्यावर निर्जंतुक पाण्याने धुणे अनिवार्य आहे. ‘रात्रभर द्रावणात होती’ एवढ्या शब्दांवर विसंबून राहता येत नाही.

नावाने फसवणारी साधने

काही साधने निर्जंतुकीकरणाच्या नावाने विकली जातात, पण ते काम करत नाहीत. अतिनील किरणांचे निळसर कपाट केशकर्तनालयांत आणि लहान दवाखान्यांत दिसते. किरण पडतात तो पृष्ठभागच तेवढा शुद्ध होतो; सावलीतला भाग, सांधा, पोकळी तशीच राहते. आधीच निर्जंतुक केलेले शस्त्र ठेवण्यापुरतेच त्याचे स्थान. तापलेल्या काचमण्यांच्या भांड्यात दंतवैद्याच्या बारीक सुयांची टोके बुडवण्याची पद्धत होती. त्यात वरचा दांडा तापतच नाही, म्हणून अनेक आरोग्य मार्गदर्शिका ती मान्य करत नाहीत. फॉर्मेलिनच्या गोळ्या ठेवलेला डबा हीही अशीच विश्वास ठेवू नये अशी जुनी सवय.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक वस्तू पुन्हा वापरण्याचा आग्रहही धरू नये. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तूंचे निर्जंतुकीकरण करून देतो. अशा रीतीने कारखान्यातून बंद पाकिटात आलेली, एकदाच वापरायची सिरिंज आणि सुई, काम झाल्यावर नष्टच केली पाहिजे. तेथे काटकसर हा गुण ठरत नाही.

पुरावा कोठे आहे?

निर्जंतुक चिमटा आणि नुसता धुतलेला चिमटा डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून या कामात साक्षीपुरावा लागतो. गाठोड्यावर चिकटवलेल्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या, की ते यंत्रातून जाऊन आले एवढेच कळते. गाठोड्याच्या आत ठेवलेली रासायनिक पट्टी वाफ आतवर पोहोचली का ते सांगते. निर्वात पंपाच्या यंत्रात रोज पहिल्या फेरीआधी बोवी-डिक चाचणी घ्यावी. १९६३ मध्ये सुचवली गेलेली ही चाचणी हवा पूर्ण निघते का ते दाखवते. सर्वांत भक्कम साक्ष जैविक चाचणीची. उष्णतेला अतिशय चिवट, पण रुग्णाला निरुपद्रवी अशा जंतूचे बीजाणू असलेली कुपी आठवड्यातून किमान एकदा यंत्रात ठेवायची. ते बीजाणू मेले, तर यंत्र विश्वासाचे.

आणि हे सारे वहीत उतरले पाहिजे : तारीख, फेरीचा क्रमांक, तापमान, दाब, वेळ, पट्टीचा निकाल, चालकाची सही. पेढीवर रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान वाढवले जात नाही. शस्त्रक्रियागृहातही त्या दिवसाची नोंद पूर्ण झाल्याशिवाय शस्त्रे कपाटात जाऊ नयेत. एखादी जैविक चाचणी नापास झाली, तर कोणत्या फेरीतील शस्त्रे कोणत्या रुग्णासाठी वापरली, हे त्या वहीवरूनच शोधता येते.

दान देण्यापूर्वी

नेत्रशिबिराचा हिशेब करून पाहावा. चोवीस शस्त्रक्रिया ठरल्या आहेत आणि मोतीबिंदूचे चारच संच आहेत. धुणे, सुकवणे, बांधणे, वाफ देणे, वाळवणे आणि थंड करणे यात एका फेरीला दीड तास धरला, तर पहिले चार रुग्ण झाल्यावर आणखी पाच फेऱ्या कराव्या लागतील; म्हणजे साडेसात तास. बाहेर रुग्ण ताटकळत बसलेले, डॉक्टरांची गाडी ठरलेली. मग वेळ कोठून वाचवला जाईल? वाफेच्या मिनिटांतून. आणि त्याची किंमत एखाद्या वृद्धाचा डोळा मोजेल, कारण डोळ्याच्या आत शिरलेला जंतू एक-दोन दिवसांत दृष्टी हिरावून नेऊ शकतो. तेथे आठ संच असते, तर दोनच फेऱ्या पुरल्या असत्या. अशा ठिकाणी नव्या यंत्रापेक्षा चार जादा संच हे अधिक मोलाचे दान ठरते.

म्हणून विश्वस्तांनी आणि दात्यांनी धनादेश लिहिण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. शुद्ध कोणत्या वस्तू करायच्या आहेत : भरीव, पोकळ, कापडी की उष्णता न सोसणाऱ्या? दिवसाला किती? शुद्ध पाणी आणि पुरेशी वीज आहे का? यंत्र चालवणारा माणूस कोण, आणि त्याला कुणी शिकवले? झडप, रबरी वॉशर, दाबमापक यांची तपासणी जवळपास करून मिळते का? पट्ट्या आणि जैविक कुप्यांचा वर्षाचा खर्च कोण देणार? देणगीच्या रकमेतून यंत्राबरोबर तीन वर्षांची देखभाल आणि चाचण्यांचे साहित्य बाजूला काढून ठेवले, तर लहान यंत्रही मोठे काम करते. ही तरतूद नसेल, तर नाव कोरलेला मोठा ऑटोक्लेव्ह एका वॉशरअभावी कोपऱ्यात पडून राहतो आणि त्याच्याच शेजारी पातेल्यात शस्त्रे उकळली जातात.

रुग्ण म्हणून जातानाही विचारायला संकोच वाटू नये. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर हत्याराचे पाकीट आपल्यासमोर फोडा, अशी नम्र विनंती करता येते. ज्या दवाखान्यात काम चोख असते, तेथे ते पाकीट आणि त्यावरची बदललेली रेघ आनंदाने दाखवतात.

वॉन्लेस यांच्या काळापासून परगावचा माणूस मिरजेला येतो तो विश्वासाने. भूल दिल्यावर आपल्या शरीरात कोणते शस्त्र जाते, हे त्याला दिसणार नसते. त्याच्या वतीने ते पाहण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, आणि ज्यांच्या पैशातून व ज्यांच्या सहीने रुग्णालय चालते त्यांचीही आहे. पुढच्या विश्वस्त सभेत जमाखर्चाबरोबर निर्जंतुकीकरणाची वहीही टेबलावर मागवावी. तिची पाने रोजच्या रोज भरलेली असतील, तर दिलेले दान कामी आले असे समाधानाने म्हणता येईल.